ऑक्टोबरचा स्वयंपाक : करणारीही वेळेवर जेवेल असा

गेल्या वर्षी नवरात्राच्या सातव्या माळेला एक बाई ओपीडीत आल्या. वय अडतीस. तक्रार एकच : उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, जिना चढताना धाप लागते. रक्तदाब ठीक, साखर ठीक. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग फिकट, पांढुरका. तपासणीत हिमोग्लोबिन निघाले ८.४. गरोदर नसलेल्या बाईच्या रक्तात ते किमान १२ असायला हवे.

“काल दिवसभरात काय काय खाल्लंत?” मी विचारले. त्यांनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. “सकाळी मुलांच्या डब्याला पोळी-भाजी. यांना दुधी चालत नाही, म्हणून यांच्या डब्याला बटाटा. सासूबाईंना दात नाहीत, त्यांना मऊ भात. संध्याकाळी आरतीला शेजारच्या येतात, त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी.”

“हे तुम्ही केलंत, ताई. खाल्लंत काय?”

त्या हसल्या. “माझा उपवास आहे ना, मॅडम. दोनदा चहा घेतला. रात्री खिचडी उरली होती, ती खाल्ली.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे उत्तर मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकले आहे. घरात कोणाला काय लागते हे बाईला तोंडपाठ असते, स्वतः काय खाल्ले हे मात्र आठवावे लागते. म्हणून या दिवसांत आहाराबद्दल सांगताना मी ‘काय खा’ याच्या जोडीला ‘स्वयंपाक कमी करा’ असेही सांगू लागले आहे. ऐकणारीला आधी ते विचित्र वाटते. पण घरचे जेवण आरोग्याचे हवे असेल, तर ते आधी सोपे हवे. सोपे असेल तरच ते रोज होईल, ताजे होईल आणि करणारीच्याही ताटात वेळेवर पडेल.

शरदाचे दिवस एवढे जड का जातात?

शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणायची जुनी पद्धत आहे. आजारी माणसे वाढवून वैद्यांना पोसणारा ऋतू, असा त्यातला खवचट अर्थ. आयुर्वेद या दिवसांत पित्त भडकते असे सांगतो आणि हलके, ताजे, कमी तिखट-आंबट जेवण सुचवतो. आधुनिक वैद्यकाची भाषा वेगळी, पण ओपीडीतली गर्दी तीच. पाऊस ओसरतो, आकाश मोकळे होते आणि ‘ऑक्टोबर हीट’ सुरू होते. जमिनीत ओल असते आणि वर ऊन तापते. साचलेल्या पाण्यात डास वाढतात आणि डेंगी-मलेरियाचे रुग्ण येत राहतात. पावसाळ्यात दूषित झालेल्या पाण्यातून जुलाब, कावीळ, विषमज्वर होतात. घाम जातो, पण उन्हाळ्यात पितो तेवढे पाणी आपण आठवणीने पीत नाही.

याच पाच-सहा आठवड्यांत नवरात्राचे उपवास येतात, कोजागरीचे जागरण येते, शाळांच्या सहामाही परीक्षा येतात आणि मागोमाग दिवाळीची साफसफाई नि फराळ. म्हणजे स्वयंपाकघरात काम सर्वांत जास्त आणि अंगात बळ सर्वांत कमी, असा हा काळ. मग एखाद्या संध्याकाळी दमलेली बाई मुलांपुढे नूडल्सचे पाकीट उकळून ठेवते किंवा वडापाव मागवते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्यापुढे वीस-पंचवीस मिनिटांत होणारा दुसरा पर्याय हवा.

ताटाचा हिशेब आधी किराण्याच्या यादीत

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात साधारण असे प्रमाण आहे : धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ यांसारख्या तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम.

रोज तराजू घेऊन कोणी जेवत नाही, घेऊही नये. पण महिन्याची यादी लिहिताना हा हिशेब उपयोगी पडतो. माणशी ८५ ग्रॅम धरले तर चार मोठ्या माणसांच्या घरात सगळ्या डाळी आणि कडधान्ये मिळून महिन्याला सुमारे दहा किलो लागतात. मुले लहान असतील तर काही कमी. उलट माणशी २७ ग्रॅमने महिन्याचे तेल-तूप मिळून सव्वातीन किलोच्या आत बसते. आपली यादी काढून पाहा. मी ज्यांना हे करायला सांगते त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी तेल जास्त आणि डाळ कमी निघते. डब्यातल्या पोळ्या चार, आमटी पातळ आणि भाजी चवीपुरती, ही आपल्या ताटाची खरी अडचण आहे.

ती सुधारायला महागडे काही आणावे लागत नाही. या दिवसांत बाजारात दुधी, दोडका, पडवळ, गवार, भेंडी, तांबडा भोपळा, काकडी, ओल्या भुईमुगाच्या शेंगा असतात. खरिपाचे नवे मूग-उडीद आलेले असतात. सीताफळ असते, मोसंबी असते, पेरू येऊ लागतात. यातल्या बहुतेक भाज्या पाणीदार आणि लवकर शिजणाऱ्या आहेत. बाजरीची भाकरी थंडी पडेपर्यंत थांबली तरी चालेल, तोवर ज्वारी आहेच.

चार सोपे पदार्थ, चौघांसाठी

हे पदार्थ नवे नाहीत. दमलेल्या संध्याकाळी ते कसे बसवायचे, एवढेच सांगते.

पहिला, भाज्या घातलेली मुगाची खिचडी. एक मोठी वाटी तांदूळ आणि तेवढीच सालीची मूगडाळ. अनेक घरांत तांदूळ दोन वाट्या आणि डाळ मूठभर असते, तिथे बरोबरी करा. दोन वाट्या दुधी, भोपळा, गाजर, जे असेल ते चिरून घाला. कुकरमध्येच एक मोठा चमचा तूप, जिरे, हिंग, हळद, किसलेले आले यांची फोडणी करा, सगळे परतून सहा वाट्या पाणी आणि मीठ घाला, चार शिट्ट्या काढा. वरून लिंबू पिळा. तांदळात जे अमिनो आम्ल कमी असते ते डाळीत भरपूर असते आणि डाळीतली उणीव तांदूळ भरून काढतो, म्हणून दोघांची जोडी चांगल्या प्रतीचे प्रथिन देते. दात नसलेल्या आजींना हीच खिचडी थोडे गरम पाणी घालून घोटून द्या. त्यांच्यासाठी वेगळा भात लावायला नको.

दुसरा, तांबड्या भोपळ्याची भाजी. पाव किलोच्या दोन फोडी आणल्या तर पुरतात. कोवळ्या भोपळ्याची साल काढायची गरज नसते, तेवढी पाच मिनिटे वाचतात. दोन चमचे तेलात मोहरी, थोडे मेथीदाणे, हिंग आणि सुकी मिरची, त्यावर फोडी, मीठ आणि झाकणावर पाणी ठेवून दहा-बारा मिनिटांची वाफ. उतरवताना दोन चमचे दाण्याचे कूट. भोपळ्याच्या केशरी रंगातून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, आणि त्यासाठी जेवणात थोडा स्निग्धांश लागतो. फोडणीचे तेल आणि कूट तेवढे काम करतात. भाकरी, भोपळा आणि ताक असे जेवण अर्ध्या तासात होते.

तिसरा, मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ. सकाळी भिजत घातलेले कडधान्य रात्री फडक्यात बांधले की या उष्म्यात दुसऱ्या दिवशी मोड येतात. चिकट झाले किंवा वास आला तर टाकून द्या, धुऊन वापरायचा मोह नको. कांदा-टोमॅटोची साधी फोडणी, दोन आमसुले आणि दहा-बारा मिनिटे शिजवणे. लहान मुले, गरोदर बाया आणि वृद्ध यांना मोड कच्चे देऊ नयेत. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. उसळ लोखंडी कढईत केली तर टोमॅटो-आमसुलाच्या आंबटपणामुळे कढईतले थोडे लोह पदार्थात उतरते. फक्त झाल्यावर ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते.

चौथा, पालेभाजीची पातळ भाजी. राजगिरा, लाल माठ, चाकवत, जी जुडी ताजी मिळेल ती. पावसाळ्यानंतरच्या पालेभाजीत माती फार असते, म्हणून पातेलेभर पाण्यात बुडवून, पाणी बदलून तीनदा धुवा आणि मगच चिरा. कुकरमध्ये तूरडाळीबरोबर एका वाटीत मूठभर शेंगदाणे लावा. डाळ, दाणे आणि शिजलेली भाजी एकत्र करून घोटा, थोडे बेसन लावा, वर लसणाची फोडणी द्या. भाजी आणि आमटी अशी दोन भांडी वाचतात.

मांसाहार करणाऱ्या घरांत उपवास सुटल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा अंडी, किनारपट्टीवर बांगडा, ही सोपी आणि स्वस्तातली भर आहे. मासे-मटणातले लोह वनस्पतींमधल्या लोहापेक्षा सहज शोषले जाते. संध्याकाळी शाळेतून आलेल्या मुलांना चिप्सऐवजी कुकरमध्ये मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा द्या. सोलून खायला वेळ लागतो, तेवढ्यात त्यांची भूकही शांत होते आणि आईला चहा प्यायला दहा मिनिटे मिळतात.

उपवास करा, उपास घडू देऊ नका

उपवास सोडा असे मी कोणाला सांगत नाही. ती ज्याची त्याची श्रद्धा आहे. पण नऊ दिवस चहा आणि साबुदाणा यांवर काढणे शरीराला परवडत नाही. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातून काढलेला जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. शंभर ग्रॅममध्ये त्यात एक ग्रॅमही प्रथिन नसते. खिचडीत जे काही पोषण आहे ते दाण्याच्या कुटामुळे. तेव्हा कूट हात न आखडता घाला आणि रोज खिचडीच नको. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला सुमारे १३-१४ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय कॅल्शियम आणि लोह. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घातल्या की दोन मिनिटांत नाश्ता होतो. उकडलेले रताळे, दाण्याची आमटी, ताक, दही, केळे, मोसंबी यांतून पूर्ण जेवण होते आणि तळण लागत नाही.

भगरीबाबत एक सावधगिरी. भगर किंवा भगरीचे पीठ खाऊन उलट्या, चक्कर, मळमळ होऊन माणसे रुग्णालयात आल्याच्या घटना महाराष्ट्रात नवरात्राच्या सुमारास पुन्हापुन्हा घडल्या आहेत. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिची विषे शिजवूनही सहज जात नाहीत. तयार पीठ, सुटी भगर घेऊ नका. तारीख छापलेले बंद पाकीट आणा, निवडा, धुवा आणि पीठ लागेल तेवढेच घरी दळा. वास आला किंवा गुठळ्या दिसल्या तर ती फेकून द्या.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाआधी आपल्या डॉक्टरांकडून औषधाची मात्रा विचारून घ्यावी. औषध नेहमीचे आणि पोट रिकामे, असे झाले की साखर धोकादायक उतरू शकते. रक्तदाबाच्या रुग्णांनी हेही लक्षात ठेवावे की सैंधवातही सोडियम असते. मीठ कोणतेही असो, दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे सगळे मिळून एक लहान चमचा, यापेक्षा कमीच हवे. त्यात पापड-लोणचे आणि फरसाणही आले.

उरलेले कोणी खायचे?

घराघरांत याचे उत्तर ठरलेले आहे. सकाळचा भात ओट्यावर झाकून राहतो आणि रात्री ‘टाकवत नाही’ म्हणून तीच बाई तो खाते. या हवेत हे धोक्याचे आहे. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. भात शिजवला तरी ते मरत नाहीत. भात कोमट जागी तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. नंतर फोडणीचा भात केला तरी ते विष नष्ट होत नाही, आणि काही तासांत उलट्या सुरू होतात.

नियम साधा आहे. शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. उरणार असे दिसले की पसरट भांड्यात काढून लवकर निववा आणि फ्रीजमध्ये ठेवा. आमटी-उसळ पुन्हा खाताना खळखळून उकळवा. फ्रीज नसेल तर मोजूनच शिजवा. रात्री भूक लागलीच तर ताजे पोहे दहा मिनिटांत होतात. कोजागरीचे दूधही चंद्र दाखवून झाला की पिऊन टाकावे, ते गच्चीवर मध्यरात्रीपर्यंत कोमट ठेवू नये. पिण्याच्या पाण्याची शंका असेल तर ते खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळवा.

एकाच घरात दोन आकडे

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. मासिक पाळी आणि बाळंतपणे हे यामागचे मोठे कारण आहेच. पण ज्या शरीरातून लोह जास्त जाते त्याच शरीराच्या ताटात भाजी, उसळ आणि अंडे शेवटी आणि कमी पडते, हेही तितकेच खरे. कुकर एकच, चूल एकच, तरी ताटे वेगळी.

दोन साध्या सवयी इथे मदत करतात. डाळ-पालेभाजीतले लोह शोषले जायला ‘क’ जीवनसत्त्व लागते, म्हणून जेवणात लिंबाची फोड, पेरू किंवा मोसंबी ठेवा. आणि जेवताना किंवा जेवल्याबरोबर चहा घेऊ नका. चहातली टॅनिन्स लोह अडवून धरतात. मध्ये तासाभराचे अंतर पुरते. मात्र हिमोग्लोबिन आठ-नऊवर आल्यावर नुसत्या आहाराने ते भरून येत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात, त्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. शिवाय पाळीत जास्त रक्त जाते का, मूळव्याध आहे का, पोटात जंत आहेत का, हे तपासावे लागते. बीट आणि खजूर खाऊन थांबून राहू नका.

स्वयंपाक सोपा करण्यात घरातल्या बाकीच्यांचाही वाटा हवा. दहा वर्षांचे मूल शेंगा सोलू शकते, पालेभाजी निवडू शकते. कुकर लावायला कोणतेही विशेष कौशल्य लागत नाही, नवऱ्याला तो आठवडाभरात येतो. प्रत्येकासाठी वेगळी भाजी ही चैन बंद करावी. सगळ्यांना एकच भाजी, आणि ज्याला दुधी चालत नाही त्याने तो खिचडीत ओळखू न येईल इतका शिजवून खावा. शिवाय एक गोष्ट पक्की ठरवावी : पाने मांडताना करणारीचे पानही त्याच वेळी मांडायचे. वाढायचे भांडे मध्ये ठेवा, ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. असे केले की भाजी पुरते का हे सगळ्यांना दिसते, फक्त शेवटी बसणारीला नाही.

त्या बाईंना मी लोहाच्या गोळ्या दिल्या, स्त्रीरोग विभागात पाठवले आणि कागदाच्या मागच्या बाजूला खिचडीचे प्रमाण लिहून दिले. तीन महिन्यांनी संक्रांतीच्या सुमारास त्या आल्या तेव्हा हिमोग्लोबिन ११.२ होते. गुण मुख्यतः गोळ्यांचा, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण मी सवयीने पुन्हा विचारले, “काल काय खाल्लंत?”

त्यांनी या वेळी बोटे मोजली नाहीत. “रात्री खिचडी आणि भोपळा. कुकर यांनी लावला होता, थोडी खाली लागली. पण मॅडम, सगळे बरोबर बसलो.”